नागिसाच्या गाडीचे मागचे दिवे

ही गोष्ट घडलेली आहे. रचलेली असती, तर तिचा शेवट तरी जरा दयाळू झाला असता.

जपानातल्या उएदा गावाबाहेरचं शिगेकीचं गॅरेज. पितर घरी येतात त्या ओबोन सणाचा पहिला दिवस, तिन्हीसांजेची वेळ. पितरांना वाट दिसावी म्हणून घरोघरी दारात जाळ पेटले होते.

शिगेकी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून ब्रेक तपासत होता.

त्याने ब्रेकवर पाय दाबला.

मागून आवाज आला...

"नाही लागले."

ही त्यांची रोजची रीत. तो ब्रेक दाबायचा, बायको फुमिको मागे उभी राहून दिवे पेटले की "लागले!" म्हणून ओरडायची.

"नीट बघ गं!"

"कुणाशी बोलताय?" फुमिकोचा आवाज वरून, स्वयंपाकघरातून आला. "मी भात लावतेय!"

शिगेकीने आरशात पाहिलं. गाडीमागे कुणीच नव्हतं.

वसंतात नागिसा गॅरेजवर आली होती. चोवीस वर्षांची, बडबडी. दोन दारांची स्पोर्ट्स कार, पण साधं मॉडेल. तिला महागड्या मॉडेलचे मागचे दिवे हवे होते.

"काका, मागून कुणाला कळता कामा नये हं, स्वस्तातली आहे ते!"

"पुढून तू दिसशीलच की," तो म्हणाला होता. खळखळून हसली होती पोरगी.

दोन्ही मॉडेलांचे प्लग दिसायला सारखे, आत मात्र साध्या दिव्याच्या आणि ब्रेकच्या तारांच्या जागा उलट; हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्या दिवशी फुमिकोशी त्याचं वाजलं होतं. तिला हाक मारायचा कमीपणा वाटला. दिवे चालू ठेवूनच त्याने ब्रेक दाबला, शटरवर लाल उजेड पाहिला आणि गाडी देऊन टाकली.

तो उजेड ब्रेक दाबल्यामुळे नव्हताच. दिवे आधीपासूनच भडक होते. ब्रेक दाबून काहीच बदललं नव्हतं.

मग घाटातलं धुकं. नागिसाने ब्रेक लावला. मागच्या ट्रकवाल्याला ते कळलंच नाही; तो आदळला आणि नागिसा गेली.

शिगेकीला बातमी ऐकताक्षणी कळलं. पण त्याला कुणी विचारलं नाही. सगळे अटकेतल्या ट्रकवाल्यालाच शिव्या देत होते... तोही गप्प राहिला.

"शिगेकी-सान?"

तो दचकला. शटरजवळ नागिसाची आई उभी होती.

"तिचे जुने दिवे आहेत ना तुमच्याकडे? ती गेल्यानंतरचं पहिलंच ओबोन. दारात ठेवीन म्हणते. ओळखीचं काही दिसलं की येईल घरी."

त्याने मान हलवली. तिच्याकडे बघवेना.

"तुम्ही सगळं तपासूनच दिलं होतं ना हो?"

"हो," तो म्हणाला.

आणि गाडीच्या मागून, अगदी हलकेच...

"नाही लागले, काका."

आईच्या हातातली पिशवी गळून पडली. लेकीचा आवाज आईला कळणार नाही?

"काय नाही लागलं, शिगेकी-सान?"

तो गाडीतून उतरला, तेलकट फरशीवर कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं. तारा. शटर. ट्रकवाला.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. रडली नाही. गाडीच्या मागे गेली.

"नागिसा?"

...

"एकदा बोल गं."

...

फुमिको जिन्यात उभी राहून हे सगळं बघत होती. तीच सांगते, दुसऱ्या दिवशी शिगेकी पोलिसांकडे गेला. ट्रकवाला सुटला. तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

पण आई अजून येते. गॅरेजात जी गाडी असेल तिच्यामागे जाऊन उभी राहते आणि शिगेकीला म्हणते, "दाबा."

तो दाबतो. मग दोघंही श्वास रोखून ऐकत राहतात...