फ्लोरेन्सियोचा रोटर

वीज काही आता पहाटेपर्यंत येत नाही, तेव्हा खुर्च्या इथेच फुटपाथवर राहू द्या. घरात डास आहेत आणि इथे निदान वारा तरी आहे.

मिसाएलला तुम्ही सगळे ओळखता. स्टेशन ते हॉस्पिटल या मार्गावर त्याची हिरवी गाडी सवाऱ्या घेऊन चालते, चौपन्न सालची, वडिलांकडून आलेली. त्यानेच मला हे सांगितलं. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि तो प्यायलेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. मिसाएल दुपारी चारला आपल्या कामाग्वेहून निघाला तो पॉइंट आणि कंडेन्सर आणायला, म्हणजे इंजिनाची ठिणगी ज्यांच्यावर अवलंबून असते ते छोटे पार्ट. आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी पंचेचाळीस किलोमीटर? पण त्या वर्षात त्याने चार कंडेन्सर बदलले होते. एक बाजारातला नवा, चकचकीत, तो बारा दिवस टिकला. एक कोणीतरी जुन्याच्या पोटात काहीबाही भरून बंद केलेला, तो चौकातच गेला. कंडेन्सर खोटा निघाला की पॉइंट जळतात, आणि पॉइंट जळले की गाडी सकाळी नुसती खोकते. मिसाएलची रोज खोकायची.

आणि रोज साडेसहाला रेनिएर यायचा.

रेनिएर त्याच मार्गावरचा, लाल गाडीवाला. त्याचा मावसभाऊ परदेशातून अस्सल पार्ट पाठवतो. त्याची गाडी किल्ली फिरवली की चालू. मिसाएलची बायको ओदालिस दवाखान्यात नर्स आहे, सातला तिला हजर व्हावं लागतं. मिसाएल बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असायचा आणि रेनिएर खिडकीतून म्हणायचा, "काय मिसाएल, म्हातारी उठली नाही का अजून? झोपू दे बिचारीला. चला वहिनी, मी सोडतो."

ओदालिस जायची. काय करणार? मिसाएलला आधी फक्त लाज वाटायची. मग तो ऐकायला लागला. रेनिएरच्या गाडीचं दार किती हळू लागतं. गल्लीच्या टोकाला ती हसते का. संध्याकाळी तो विचारायचा, "आज पुढे बसलीस की मागे?" ओदालिस पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "जिथे जागा होती तिथे." तिसऱ्यांदा तिने ताट तसंच ठेवलं आणि उठून गेली.

म्हणून त्याला खात्रीचे पार्ट हवे होते. गाडी सुरू झाली की बायको आपल्याच गाडीत बसेल, एवढं त्याचं गणित होतं.

मीनास गावाच्या पुढे, रेल्वेफाटकापलीकडे फ्लोरेन्सियो नावाचा मेकॅनिक राहायचा. जुलैमध्ये वारला. त्याची बायको एदेलमिरा त्याचं सामान देते, असं कोणीतरी सांगितलं होतं. मिसाएल पोचला तेव्हा ती ओट्यावर बसली होती. साठीला टेकलेली, केस नीट विंचरलेले, पायात बाहेर जायचे बूट.

तिने एक पत्र्याची पेटी आणून ठेवली. आत कंडेन्सर, पॉइंट, कॉइल, सगळं तेलकट कागदात एकेक गुंडाळलेलं.

"तो प्रत्येक पार्ट आधी स्वतःच्या गाडीवर महिनाभर चालवायचा," ती म्हणाली. "मगच पेटीत. पार्टवर विश्वास ठेवायचा तो. माझ्यावर कधी ठेवला नाही."

मिसाएल हसला. ती हसली नाही.

"रोटर माहीत आहे ना तुला?"

माहीत कसा नसेल. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, तो गरगर फिरून एकेका प्लगला करंट देतो. तो काढून घेतला की गाडी म्हणजे पत्र्याची खोली.

"घराबाहेर पडताना रोज काढून खिशात घालायचा," एदेलमिरा म्हणाली. "मला गाडी चालवता येत नाही, बरं का. तरी काढायचा. कोणी येऊन मला घेऊन गेलं तर? एकतीस वर्षं. रात्री उशीखाली ठेवायचा. मेला तेव्हा मीच त्याच्या शर्टाच्या खिशात घातला. म्हटलं, ने बाबा."

ऐकताना मिसाएलच्या मनात काय आलं, ते त्याने मला खाली बघत सांगितलं. त्याला त्या माणसाची कीव आली नाही की राग आला नाही. त्याला वाटलं, युक्ती चांगली आहे.

पैशांचं विचारलं तर ती म्हणाली, "पैसे नकोत. मला कामाग्वेला बहिणीकडे सोड." आणि आतून एक पिशवी घेऊन आली. पिशवी आधीच भरलेली होती.

पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बसवायला अंधार झाला. आपले जुने पार्ट त्याने फडक्यात बांधून डिकीत टाकले. रोटर मात्र स्वतःचाच ठेवला, तो ठीक होता. तिने कॉफी दिली, भात आणि काळ्या घेवड्याची उसळ खायला घातली. पावणेनऊला किल्ली फिरवली. पोरांनो, इंजिन असं चालू झालं की हात ठेवला तरी थरथर कळू नये. वडिलांच्या वेळीसुद्धा ते असं चाललं नव्हतं. मिसाएलला पहिली आठवण रेनिएरच्या तोंडाची झाली. उद्या साडेसहाला ते तोंड बघायचं होतं.

एदेलमिरा पुढे बसली. पिशवी मांडीवर.

रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. दोन्ही बाजूंना ऊस आणि काटेरी झुडपं, गावात वीज नाही, समोर फक्त दिव्यांचा पिवळा पट्टा. मिसाएल खुशीत होता. त्याने रेनिएरची नक्कल केली, "म्हातारी उठली नाही का अजून?" आणि एदेलमिरा हसली. मोकळं, पोरीसारखं.

इंजिन बंद पडलं.

खोकलं नाही. अडखळलं नाही. कोणी किल्ली फिरवावी तसं.

गाडी घरंगळत रेल्वेफाटकाच्या अलीकडे थांबली. मिसाएलने दोनदा स्टार्टर मारला. काही नाही. एदेलमिरा समोर बघत होती.

"मी मागे बसते," ती म्हणाली.

ती उतरली, मागे बसली. त्याने किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, पहिल्यासारखंच गोड. मिसाएलने गिअर टाकला. फाटक ओलांडलं. रुळांवर चाकं दोनदा धडकली.

मग ती मागून हलकेच म्हणाली, "ओलांडलं."

इंजिन पुन्हा बंद.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने घड्याळ बघितलं, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. टॉर्च घेऊन तो उतरला, बॉनेट उघडलं. तारा जागेवर. कॉइल गरम नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या दोन्ही कड्या घट्ट बसलेल्या. त्याने त्या काढल्या, टोपण उचललं.

आत रोटर नव्हता.

नीट ऐका. टोपण बंद. कड्या लावलेल्या. बॉनेट बंद. आणि मिनिटापूर्वी इंजिन चालू होतं.

त्याने खाली टॉर्च मारला. चाकांखाली बघितलं. गुडघ्यांवर बसून डांबर चाचपलं. वर बघितलं तर एदेलमिरा शेजारी उभी.

"सापडायचा नाही," ती म्हणाली. "त्याने घेतला."

"कोणी?"

तिने मागे, घराच्या दिशेने बघितलं.

"बाई, हे आधीही झालंय का?"

"दोनदा निघाले होते," ती म्हणाली. "एकदा ट्रकने. एकदा शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर. दोन्ही फाटकाशी बंद पडली. मी घरी परत गेले की लगेच सुरू व्हायची." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "म्हटलं, त्याचेच पार्ट गाडीत असले तर तो अडवणार नाही. तुला फसवलं मी. माफ कर."

तिने पिशवी उचलली. "मी परत जाते. तुझी गाडी सुरू होईल बघ."

मिसाएल म्हणाला, तेव्हा त्याने तिला लगेच अडवलं नाही. हे तो लपवू शकला असता, पण त्याने लपवलं नाही. ती चार पावलं गेली, पाच गेली, आणि तो मनात म्हणत होता, जाऊ दे. ती गेली की रोटर येईल. असे पार्ट पुन्हा मिळायचे नाहीत. साडेसहाला रेनिएर गल्लीत येईल, आणि माझी गाडी...

तिच्या बुटांचा आवाज येत होता. बाहेर जायचे बूट.

आणि त्याला ओदालिस दिसली. ताट तसंच ठेवून उठणारी.

"थांबा," तो म्हणाला.

त्याने टॉर्च दातांत धरला. कॉइल सोडवली. कंडेन्सर सोडवला. पॉइंट काढले. एक स्क्रू दोनदा पडला. सगळं तेलकट कागदात गुंडाळलं आणि फाटकाच्या दगडी खांबावर नेऊन ठेवलं. डिकीतून आपले जळके पार्ट काढले, कानशीने घासले, सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा मध्ये धरून पॉइंटमधलं अंतर लावलं, बसवले. कशासाठी? रोटर नसताना कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग तो अंधाराकडे बघून म्हणाला, "हे घ्या तुमचं. मला नको. बाईंना जाऊ द्या."

काही नाही.

एदेलमिरा रुळांपाशी उभी. ती म्हणाली, "फ्लोरेन्सियो... मी बहिणीकडे जातेय. फक्त बहिणीकडे."

बेडूक ओरडत होते. ते थांबले.

...

खांबाकडून कागद चुरगळल्याचा आवाज आला. वारा नव्हता.

मग पावलं. खडीवरून. सावकाश. एदेलमिराच्या बाजूला गेली नाहीत. गाडीकडे आली. मिसाएल बॉनेटला पाठ लावून उभा होता. पावलं त्याच्या समोर थांबली. एक हात... दोन हात अंतरावर. टॉर्चमध्ये नुसता रस्ता.

तेल आणि कडक इस्त्रीच्या कापडाचा वास आला.

किती वेळ... सांगता येत नाही.

मग बेडूक पुन्हा ओरडायला लागले.

त्याने वळून टोपण उचललं. रोटर जागेवर होता. बोट लावलं तर कोमट. खिशात ठेवलेल्या वस्तूसारखा.

त्याने तिला हाक मारली. ती आली, मागे बसली. गाडी चौथ्या वेळेला सुरू झाली, खोकत, धूर टाकत. तशीच खोकत ती मीनासमधून गेली आणि तशीच कामाग्वेपर्यंत आली. बहिणीच्या दारात एदेलमिराने त्याचे दोन्ही हात धरले. ती आता तिथेच असते, पोरांच्या वाढदिवसाचे केक करते. तिला त्यानंतर काही त्रास झाला नाही. एकदाही नाही.

मिसाएल आपल्या घरापुढे थांबला तेव्हा पावणेबारा झाले होते. गल्ली काळोखात. ओदालिस दारात मेणबत्ती घेऊन उभी. त्याला एवढं बरं वाटलं की त्याने तिथेच सांगून टाकलं, "उद्या रेनिएर आला तर जा त्याच्याबरोबर. कुठेही बस. मी विचारणार नाही."

ओदालिसने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्यामागे, गाडीकडे.

"बरं," ती म्हणाली. "पण तुझ्याबरोबर कोण आलं?"

"कोणी नाही."

"पुढे बसला होता की. खिडकीत कोपर टेकून."

"ओदालिस... कोणी नव्हतं."

दोघं आत गेली. मिसाएलने कडी लावली, मग उठून पुन्हा एकदा बघितली.

सकाळी उजेड झाल्यावर तो गाडीपाशी गेला. ड्रायव्हरच्या शेजारची, उजव्या बाजूची पुढची काच सहा वर्षं जाम होती. तिचं हँडल वडिलांच्या हयातीतच तुटलं होतं, पक्कड लावूनही ती हलायची नाही.

ती काच पूर्ण खाली होती.

त्याने दार उघडून आतलं सगळं यंत्र तपासलं, मीही तपासलं. गंजून एकजीव झालंय. काच वर येत नाही. पाऊस आला की तो तिथे प्लॅस्टिक लावतो.

सकाळी ते प्लॅस्टिक आतून सोडवलेलं असतं.