सात रात्रींची अट

पहिल्याच दिवशी तो माणूस माझ्यासमोर बसला आणि झोपला.

मी चिडले. चिडणारच की. धार संस्थान विलीन होऊन तीन वर्षं झाली होती. जुन्या दरबाराच्या मोडीतल्या रोजनिश्या बाळबोध अक्षरात उतरवून घ्यायचं काम कचेरीनं काढलं होतं, आणि त्या धडाधड वाचणारा माणूस गावात एकच उरला होता, माझे वडील, तात्या. पण तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा नाही म्हणून त्यांनी मला लहानपणीच मोडी शिकवली होती. तेव्हा असं ठरलं, की कारकुनानं रोज दुपारी दप्तराचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आमच्या घरी आणायचा. मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं लिहून घ्यायचं. येणार होते एक म्हातारे कारकून. त्यांना नेमकी कावीळ झाली, म्हणून देवासहून नुकताच बदलून आलेला शालिग्राम दारात उभा राहिला. अंगानं वाळलेला, तिशीच्या आतला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

मी वाचायला लागले. मोडीत शब्द सुटे नसतात, ओळच्या ओळ एका दमात ओढलेली असते. त्यामुळे वाचणाऱ्याचाही एक सूर लागतो. "श्रीमंतांची स्वारी प्रातःकाळी बागेत गेली तेथे दोन घटका बसोन…" पान उलटलं नसेल, तो टाक कागदावरून घसरून सतरंजीवर. मान छातीवर. दाराशी तांदूळ निवडत बसलेली माझी जानकीआत्या म्हणाली, "असू दे गं, थकला असेल."

अर्ध्या तासानं मी दौत मुद्दाम आपटली. तो दचकून उठला आणि आधी घड्याळाकडे बघितलं.

"मी… झोपलो होतो?"

"झोपलात. घोरलातही."

आता हा ओशाळेल, माफी मागेल, असं मला वाटलं. पण तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझा राग कुठल्या कुठे गेला. पुरुषमाणसाच्या डोळ्यांत झोपेसाठी पाणी येतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो तोंडावर थंड पाण्याचे हबके मारून, दाढेत लवंग धरून बसला. दीड पान टिकला. तिसऱ्या दिवशी एक पान.

"तुमचं नाव काय म्हणालात?" जागा झाल्यावर त्यानं विचारलं.

"विद्युल्लता."

"कमाल आहे. नाव विजेचं आणि आवाज अंगाईचा."

"आणि तुम्ही नावाला जागून देव्हाऱ्यातल्यासारखे बसल्या जागी पडून राहायचं ठरवलंय का?"

तो हसला. हसला की तो एकदम लहान दिसायचा. आत्यानं सूप जोरात पाखडलं, म्हणून मी पुन्हा वाचायला घेतलं.

झोप न येण्याची गोष्ट त्यानं पंधरा दिवसांनी सांगितली, तीही मी खोदून विचारली म्हणून. देवासला त्याचा धाकटा भाऊ संताजी विषमज्वरानं आजारी पडला होता. आई-वडील आधीच गेलेले. नऊ रात्री हा उशाशी जागा बसला. दहाव्या रात्री बसल्या बसल्या डोळा लागला. पहाटे जाग आली तेव्हा संताजी गार पडला होता.

"त्यानं पाणी मागितलं असेल का, एवढंच मला कळत नाही," तो म्हणाला. "मागितलं असेल तर… मी ऐकलं नाही."

त्यानंतर सहा वर्षं रात्री म्हणजे त्याला शिक्षा होती. डोळा लागला रे लागला की छातीत धस्स होऊन तो उठून बसायचा. दुधात जायफळ झालं, तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासणं झालं, डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी दिवसभर डोकं जड व्हायचं आणि रात्र तशीच. "डाक्टर म्हणतात, असंच चाललं तर तबियत पार जाईल. दिल कमजोर झालंय." देवासकडची माणसं बोलतात तसं तो मराठीत हिंदी मिसळून बोलायचा. मी एरवी हटकलं असतं. त्या दिवशी नाही हटकलं.

त्या दिवसापासून मी एक करायला लागले. तो झोपला की आवाज तसाच ठेवून वाचत राहायची आणि वाचता वाचता त्याच्या कागदावर मीच लिहायची. त्याच्या अक्षराचं वळण चार दिवसांत जमलं. ऊन त्याच्या तोंडावर आलं की पडदा ओढायची. त्याचा हात सतरंजीवर उघडा पडलेला असायचा, बोटांना शाई. आत्याही भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची. त्या रोजनिशीत स्वारी बागेत जायची, परत यायची, आणि मी त्याच्याकडे बघायची. लग्न झालेल्या बाईलाही नवऱ्याकडे इतकं निवांत बघायला मिळत नसेल. मी प्रेमात पडले ती अशी, समोरचा झोपलेला असताना. लाज वाटते सांगायला, पण पडले.

तीन महिन्यांनी रुमाल संपत आले. मी वाचायचा वेग कमी केला. त्याच्याही लक्षात आलं असणार, कारण तो म्हणाला, "हे वळण नीट लागत नाही का तुम्हांला? पुन्हा वाचा ना… सावकाश." असं करून आम्ही दोन आठवडे ओढले. मग हुकूम आलाच. त्याची बदली खातेगावला झाली होती, देवास जिल्ह्याच्या पार पलीकडच्या टोकाला.

शेवटच्या दिवशी आत्या देवळात गेली होती. तात्या आतल्या खोलीत जप करत होते. शालिग्रामनं रुमालाची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"विद्युल्लताबाई… माझ्याबरोबर चला. म्हणजे, तात्यांना विचारतो मी. रीतसर."

मला हो म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण माझा स्वभाव आड आला.

"तुम्हांला मी हवी आहे," मी विचारलं, "की झोप हवी आहे?"

त्याला उत्तर देता आलं नाही. खोटं बोलणं त्याला जमत नसे. त्याच्या त्या गप्प बसण्यानं मला आगीत टाकल्यासारखं झालं, आणि मी म्हटलं, "मी काही जायफळ नाही. सात रात्री सलग, स्वतःच्या स्वतः झोपून दाखवा. मग तात्यांकडे या. मी वाट बघेन."

"सात?"

"सात."

"बरं," तो म्हणाला. मला वाटलं होतं, तो भांडेल. तो भांडला नाही.

खातेगावहून दर पंधरवड्याला त्याचं कार्ड यायचं, तात्यांच्या नावावर. मुलीच्या नावावर कसं पाठवणार? तात्यांना दिसत नसल्यानं ते वाचायची मीच. त्यात रुमालांचा हिशेब असायचा, आणि रुमाल म्हणजे रात्र, हे मला पहिल्याच कार्डात उमगलं. "सप्रेम नमस्कार वि. वि. या आठवड्यात तीन रुमाल सलग लागले. चौथा सुटला."

तात्या म्हणायचे, "खातेगावात मोडी दप्तर कुठून आलं बुवा?" आणि मी म्हणायची, "असेल काहीतरी."

तो मनापासून खटपट करत होता. झोप लागो न लागो, पहाटे पाचला उठायचंच. दुपारी पाठ टेकायची नाही. संध्याकाळी चहा बंद केला. पडल्यावर घटकाभरात झोप आली नाही तर कूस बदलत बसायचं नाही, उठून ओसरीवर यायचं, डोळे जड झाले की मगच आत. सकाळी कामाआधी गव्हाच्या शेतांमधून दोन कोस चालायचं. हे सगळं कार्डात यायचं, कचेरीच्या भाषेत, कामाचा अहवाल द्यावा तसं. चार रुमाल झाले. पाच झाले. मी देवाला साखर ठेवली.

मग सहा झाले, आणि तिथंच गाडी अडली. "सहा लागले. उद्या सातवा, असे मनात येताच सातवा सुटला." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सहा. पुन्हा सातवा सुटला. आता धारला यायला मिळणार, या आनंदानंच त्याची सातवी रात्र जायची. असं पाच वेळा झालं. कुणीही दुसरा असता तर सात झाले म्हणून लिहून मोकळा झाला असता. मी काय त्याच्या उशाशी मोजायला बसले होते? रोज वाटायचं, अरे माणसा, एकदा खोटं बोल. मी दारात रांगोळी काढीन.

दीड वर्ष गेलं. इंदूरचं एक स्थळ आलं, चांगलं होतं. आत्या माझ्या पाठीच लागली. तात्यांची तब्येतही उतरत होती. तेव्हा एका सकाळी मी कागद घेतला आणि लिहिलं, "अट मागे घेतली. माझं चुकलं. जसे आहात तसे या. जन्मभर रोज वाचून दाखवीन." सही केली आणि स्वतः पोस्टात निघाले. श्रावणातली बुरबुर होती, पदराखाली पाकीट धरून चालत होते. दीड वर्षात मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पोस्टाच्या पायरीवरच पोस्टमन भेटला. "बाई, तुमचं पाकीट आलंय." कार्ड नव्हतं, पाकीट होतं. पहिल्यांदाच माझ्या नावानं. मला वाटलं, सात झाल्या. मी तिथंच पायरीवर बसून फोडलं.

"तुम्हांला फसवायचे नाही म्हणून लिहितो," त्यानं लिहिलं होतं. "गेल्या महिन्यात दमलो आणि मनाशी ठरवले, की आता धारला जायचे नाही. त्या रात्री झोपलो. आज बावीस रात्री झाल्या. संताजी स्वप्नात आला. पाणी मागत नव्हता, पतंगाचा मांजा गुंडाळत होता.

"अटीप्रमाणे निघायला हवे होते. दोनदा गाठोडे बांधले. दोन्ही वेळा रात्रभर जागा. त्या दोन रात्री बावीसांत धरलेल्या नाहीत. का ते आता कळले. तुमच्या घरी मला झोप लागे, कारण तुम्ही जाग्या असायच्या. कोणीतरी जागे होते. पण लग्नानंतर तुम्हीही कधी झोपाल, कधी आजारी पडाल. तेव्हा मी डोळा मिटू शकणार नाही. ज्याच्यावर माझा जीव आहे, त्याच्याशेजारी मला झोपता येत नाही. पहारा करावा लागतो.

"मी हवी की झोप, असे तुम्ही विचारले होते. त्या दिवशी उत्तर नव्हते. आज आहे. मला झोप हवी आहे. माझा जीव तुमच्यावर आहे, हेही तितकेच खरे आहे. इंदूरचे स्थळ आले आहे असे तात्यांच्या ओळखीच्यांकडून कळले. होकार द्या. क्षमा करा."

मी ते दोनदा वाचलं. आधी भयंकर राग आला. कुणी असं उत्तर देतं का? मी जन्मभर जागी राहिले असते. खरंच राहिले असते, त्याच्या उशाशी, आनंदानं. आणि मग डोक्यात आलं, की मी उशाशी जागी बसले आहे हे तो एकदा, दोनदा सोसेल, पण पुढे त्याला ते सोसवणार नाही. तो मला झोपवायला बघेल, आणि मी डोळे मिटले की स्वतः उठून बसेल. आम्ही दोघं एकमेकांचा पहारा करत म्हातारे होऊ. माणूस नीट झोपला होता. बावीस रात्री. डॉक्टरांनी हात टेकलेला माणूस.

माझं पाकीट मी फाडलं. पोस्टातून एक साधं कार्ड घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, "पत्र पोचलं. खरं लिहिलंत, बरं केलंत. पहाटेचं चालणं सोडू नका. उलट लिहू नका, मीही लिहिणार नाही." पेटीत टाकलं. हात आत अडकल्यासारखा तिथंच राहिला, मग काढून घेतला.

घरी तात्या ओसरीवर बसले होते. माझी पावलं ओळखून म्हणाले, "विदू, शालिग्रामरावांचं पत्र होतं का?"

"हो."

"येतात का ते?"

तात्यांना सगळं माहीत होतं तर. इतके दिवस माहीत होतं. मी त्यांच्या पायाशी बसले.

"नाही येणार, तात्या. त्यांना झोप लागते आता."

"लागते? रात्रभर?"

"रात्रभर."

चाचपत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं झालं," ते म्हणाले. "फार दिवस तळमळला बिचारा." आणि थोड्या वेळानं, हळूच, "तू रडतेस का गं?"

मला कधी लपवता आलं नाही काही.

"हो तात्या," मी म्हटलं. "रडतेय."