म्हाताऱ्याच्या तोंडाला फेस

“माझ्या मामाने ‘उड’ म्हटलं, की म्हातारा उडतो! हवी तर पैज लावा!”

टकळीने हे वाक्य बस सुटल्यापासून इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेवटी ड्रायव्हरकाकांनाही ते पाठ झालं. मुलीचं खरं नाव अर्थातच टकळी नव्हतं. पण तोंड एकदा चालू झालं की बंद व्हायचं नाव नाही, म्हणून वर्गाने तिचं बारसं पुन्हा केलं होतं.

सुट्टीतली अभ्याससहल ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानात आली होती. म्हातारा हे तिथल्या गरम पाण्याच्या फवाऱ्याचं लाडकं नाव. आधी जमिनीत गुरगुरायचं, मग खाकरायचं आणि मग ताडमाड उंच पाणी थुंकायचं, असा त्याचा खाक्या. टकळीचा मामा होता उद्यानातला गाइड. अशा मामाची भाची असल्यावर कोण गप्प बसेल?

“हा दगड बघा,” मामाने खडबडीत, भोकाभोकांचा एक दगड उचलला. “लाव्हा फसफसत असतानाच थिजला. आत नुसती हवा. पाण्यात टाका, तरंगतो!”

“सर, पोहण्याच्या तासाला मी हाच बांधून येतो!” डांबिस म्हणाला आणि सगळे हसले. हा वर्गातला खोड्यांचा बादशहा. सरसुद्धा त्याला डांबिसच म्हणायचे.

“आधी तो हातातला खडा खाली टाक. इथून काहीही न्यायचं नाही आणि इथे काहीही टाकायचं नाही. एवढं केलंस तरी पुष्कळ!” सर गुरगुरले. सर विज्ञान शिकवायचे आणि त्यांचा पारा कायम उकळत्या पाण्याच्या आसपास असायचा.

मामा पुढे सांगत होता. “खाली तापलेला खडक. त्यावर पाणी. वर यायला अरुंद नळी. वरच्या पाण्याचं ओझं असतं, म्हणून खालचं पाणी तापूनही उकळत नाही. पण वरचं थोडं सांडलं रे सांडलं, की खालचं सगळं एकदम उसळतं!”

“मग रोज बरोबर अकराला उडायचं, हे त्याला कसं कळतं?” हा प्रश्न भिंग्याचा. जाड चष्मा, खिशात भिंग, गळ्यात दुर्बीण. मुंगी दिसली तरी तिची चौकशी केल्याशिवाय हा पुढे सरकायचा नाही.

मामा मोठ्याने हसला. “अरे, घरोबा आहे आमचा! चला, चला, वेळ झाली!”

कठड्याशी गर्दी झाली. मामाने टोपी सारखी केली, हात वर केला आणि आरोळी ठोकली, “उड, म्हाताऱ्या!”

आणि काय सांगावं! जमीन गुरगुरली, पाणी खळखळलं आणि वाफेचा पांढरा लोट आभाळात गेला! टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा! टकळी तर अशी मान उंच करून उभी होती, की जणू तिनेच फुंकर मारली होती.

“ए, हे बघा,” भिंग्या कठड्यावर उडालेल्या पाण्यावर वाकला होता. “बुडबुडे. फुटतच नाहीयेत.”

डांबिसने बोट लावलं, नाकाशी नेलं आणि ओरडला, “अरेच्चा, साबण! म्हाताऱ्याने आंघोळ केली!”

हसू फुटायच्या आतच सर तिथे पोहोचले. त्यांनी खालच्या ओहळाकडे पाहिलं. पाण्याबरोबर फेसाचे पुंजके वाहत होते.

“कुंडात साबण? कोणी टाकला?”

सरांची नजर फिरत फिरत एकाच ठिकाणी येऊन थांबली. काल वसतिगृहाच्या न्हाणीघरात फेसाचा डोंगर केला होता तो याच महाशयांनी! आणि आज सकाळी “माझा साबण हरवला” अशी बोंबही यांनीच मारली होती.

“सर, तो मोरीत गेला! आईशप्पथ!”

“बस्स! उद्या विवराच्या काठावर वर्ग जाईल, तू नाही. तू आज दुपारपासूनच बसमध्ये बसायचंस. आणि आज संध्याकाळी तुझ्या बाबांना फोन!”

डांबिसचा चेहरा खर्रकन उतरला. ते विवर बघण्यासाठी तो वर्षभर आईबाबांच्या मागे भुणभुण लावून बसला होता. ज्वालामुखीचं तोंड! त्यात खरंच डोकावता येतं! झोपेतसुद्धा तो त्याबद्दलच बडबडायचा.

“सर, मी वाटेत रांग सोडलीच नाही! टकळीला विचारा! ती अख्खी वाट माझ्या शेजारीच होती. टकळे, सांग ना!”

टकळीला सकाळची गोष्ट आठवली. ती मामाच्या क्वार्टरवर चहाला गेली होती. मामा ओट्याशी उभा राहून किसणीवर काहीतरी पांढरं किसत होता आणि मामी ओरडत होती, “अहो, माझी किसणी! परत साबणाचा वास मारेल!” टकळीने विचारलं, तर मामा म्हणाला, “कपडे भिजवायला गं.” आणि तो कीस पिशवीत भरून, पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवून तो “वाट ठीक आहे का ते बघून येतो” म्हणून सगळ्यांच्या आधी निघाला होता.

तिने मामाकडे पाहिलं. मामा टोपीशी चाळा करत होता.

आता बोललं, तर मामा खोटारडा ठरणार. सगळ्या वर्गासमोर! बसमध्ये जिच्या मामाचं नगारे वाजवून कौतुक चाललं होतं, त्या टकळीचं काय होणार?

“माझं… लक्ष नव्हतं, सर,” टकळी म्हणाली.

डांबिस तिच्याकडे बघतच राहिला. रागाने नाही, त्याला काही कळलंच नव्हतं. आणि मामा म्हणाला, “जाऊ द्या हो सर. पोरं आहेत. मी वर कळवणार नाही.”

“बघा! किती मोठ्या मनाचे आहेत हे!” सर डांबिसवर ओरडले. “माफी माग त्यांची!”

डांबिसने मामाची माफी मागितली. टकळीला वाटलं, इथली जमीन ठिकठिकाणी फाटलेली आहेच, तर आणखी एक भेग पडावी आणि तिने आपल्याला पोटात घ्यावं.

दुपारी डांबिसची रवानगी बसमध्ये झाली. भिंग्याने टकळीला झाडामागे ओढलं.

“डांबिसने टाकलेला नाही. आपण कठड्याशी आलो आणि लगेच पाणी उडालं. म्हणजे साबण त्याच्या आधीच पडला होता! आता चारला दुसरा खेळ आहे, छोट्यांच्या शाळेसाठी. तेव्हाही फेस आला, तर डांबिस सुटला! तो तर बसमध्ये ड्रायव्हरकाकांच्या नजरेखाली आहे. आणि मी इथे दुर्बीण लावून बसणार. कोण येतं ते दिसेलच!”

भिंग्याचं डोकं म्हणजे डोकं होतं. पण त्यात सापडणार होता तो टकळीचा मामा! “पाणी पिऊन येते,” असं म्हणून ती थेट गाइडच्या चौकीत शिरली.

“मामा, तू सरांना सांग. आत्ताच्या आत्ता सांग!”

मामाने आधी काही कळलंच नाही असं दाखवलं. मग खुर्चीत बसला. “हे बघ बाळा, म्हातारा आता थकलाय. कधी दुपारी उडतो, कधी दोन दोन दिवस उडतच नाही. लोक लांबून येतात, ताटकळतात आणि बोटं मोडत जातात. थोडा साबण टाकला, की पाण्याला फेस येतो, ते लवकर उतू जातं. लोक खूश! यात कोणाचं काय बिघडलं?”

“डांबिसचं बिघडलं!”

“अगं, पोरगा आहे. चार दिवसांत विसरेल.”

“नाही विसरणार! आणि भिंग्या काही तुला सोडणार नाही. तो दुर्बीण घेऊन चारपर्यंत तिथे…”

टकळीने जीभ चावली. पण बाण सुटला होता!

“असं होय?” मामा उठला. त्याने खुंटीवरची सॅक घेतली. “मग आत्ताच मागच्या वाटेने जाऊन उरकून येतो. दुप्पट टाकतो. पाणी जोरात उडेल, फेस पार धुऊन जाईल. काम फत्ते! हुशार आहेस गं माझी भाची!”

त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. रोज हवीहवीशी वाटणारी ती टपली आज तिला नकोशी झाली. मित्राचा बेत आपण आपल्याच तोंडाने फोडला, हे तिला धड गिळताही येईना.

ती परतली तेव्हा भिंग्या दुर्बिणीला डोळे लावून बसला होता.

“कुठे होतीस इतका वेळ? कोणीही आलं नाही. पण एक गंमत बघ, म्हातारा आत्तापासूनच गुरगुरतोय! चारला अजून कितीतरी वेळ आहे!”

टकळीने दुर्बीण हिसकावली. म्हाताऱ्याच्या तोंडाला फेस आला होता. आणि खाली, कुंडाला लागून गेलेल्या फळ्यांच्या वाटेवर, रंगीत टोप्या घातलेल्या चिमुरड्यांची रांग चालली होती! फवाऱ्याची वेळ नसली, की तिथून रंगीबेरंगी चिखल बघायला जाऊ देत. पाटीवर तर मामाने चारची वेळ लिहिलेली होती.

टकळी धावत सुटली. पायऱ्या उतरताना तिचा गुडघा फुटला, पण तिला पत्ताच लागला नाही.

“बाई! मागे फिरा! म्हातारा उडणार आहे!”

छोट्यांच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. “चारला उडतो तो. वर पाटी आहे बघ. जा बाळ, मुलांना घाबरवू नकोस.”

“आत्ता उडणार आहे!”

“गाइडनी स्वतः सांगितलंय आम्हाला. तुला काय त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?”

वर कठड्याशी तिचा अख्खा वर्ग जमला होता. सर होते. वाहनतळावर बसच्या खिडकीतून डांबिस बघत होता. टकळीने एकदा वर सगळ्यांकडे पाहिलं. मग ती जीव खाऊन ओरडली.

“माझ्या मामाने साबण टाकलाय! सकाळीही त्यानेच टाकला होता! आता दुप्पट टाकलाय! मला माहीत होतं!”

“काय बोलतेस तू हे?” बाई जागच्या जागी उभ्या. आणि त्यांच्यामागे चिमुरडीही तशीच उभी, तोंडात बोटं घालून! मोठी माणसं पुरावा मागत बसतात ना, तेव्हा खरंच डोक्याला हात लावावासा वाटतो.

पँ ऽ ऽ ऽ ऽ!

बसचा हॉर्न! डांबिसने ड्रायव्हरकाकांच्या मांडीवरून झेप घेतली होती आणि दोन्ही हातांनी तो हॉर्न दाबत खिडकीतून बोंबलत होता.

“बस सुटली ऽ ऽ! मागे राहील तो गाढव! मागे राहील तो गाढव!”

गाढव व्हायला कोण तयार असणार? सगळी रांग चीं चीं करत वळली आणि पायऱ्यांकडे पळत सुटली. बाई “अरे, अरे!” करत त्यांच्यामागे. एक चिमुरडी पायातून निसटलेली चप्पल शोधायला थांबली, तिला टकळीने काखोटीला मारलं.

दोघी पायऱ्यांवर पोहोचतात न पोहोचतात, तोच मागून असा आवाज झाला, की भिंग्याची दुर्बीण हातातून पडली. म्हातारा उडाला. सकाळच्या दुप्पट! उकळतं पाणी धो धो करत नेमकं त्या फळ्यांवर कोसळलं. वाफ विरली, तेव्हा त्या छोटीची चप्पल फेसात तरंगत होती.

बाई खाली बसून मुलं मोजत होत्या आणि रडत होत्या.

हॉर्न ऐकून उद्यानाच्या मुख्य अधिकारी जीप घेऊन आल्या. सर आणि बाईंनी त्यांना सकाळपासूनचं सगळं सांगितलं. मामा चौकीतून धावत आला होता, हातात चहाचा कप तसाच. फळ्या पाहून त्याचा रंगच उडाला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

“माझंच काम आहे, मॅडम,” तो म्हणाला. “मला वाटलं, वेळ आहे.”

“डोंगराला आपल्या वेळा पाळायला लावायच्या नसतात!” अधिकारी कडाडल्या. “नाही उडाला तर नाही उडाला! लोकांना तसं सांगायचं!” त्यांनी तिथेच मामाचा बिल्ला काढून घेतला. मग त्या टकळीकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. “आणि ही मुलगी! स्वतःच्या मामाविरुद्ध बोलायला छाती लागते. शाबास, बाळ! हिच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सकाळी याच टाळ्यांसाठी तिने काय वाटेल ते केलं असतं. आता प्रत्येक टाळी तिला थोबाडीत बसल्यासारखी वाटत होती.

“नका वाजवू!” ती म्हणाली. “मॅडम, मला सकाळपासून माहीत होतं. डांबिस माझ्या शेजारीच होता आणि मी लक्ष नव्हतं म्हणाले. भिंग्याचा बेतही मीच मामाला सांगितला, म्हणून त्याने दुप्पट टाकला. मी सकाळीच बोलले असते, तर ही छोटी मुलं…”

तिला पुढे बोलता येईना. एरवी धबधब्यासारखी वाहणारी टकळी! भिंग्याने चष्मा काढून पुसला.

सर खाकरले. ते बसमधून धावत आलेल्या डांबिससमोर आले आणि त्यांनी चक्क हात जोडले. “चुकलो रे मी. विज्ञानाचा मास्तर मी, आणि पुरावा न बघता तुला शिक्षा दिली. उद्या विवरावर सगळ्यांत पुढे तू चालायचंस. आणि बाबांना फोन करणारच आहे, पण तो तुझं कौतुक सांगायला!”

“आणि या भिंगवाल्या पोराचंही कौतुक करा,” अधिकारी म्हणाल्या. “रोज हजारो लोक बघतात, बुडबुडे यालाच दिसले.” मग त्यांनी सगळीकडे पाहिलं. “मग आता टाळ्यांचं काय करायचं?”

“माझ्यासाठी वाजवा की, मॅडम!” डांबिस म्हणाला. “सकाळपासून नुसत्या शिव्याच खातोय!”

सगळे हसले आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. छोट्यांची शाळा तर “गाढव! गाढव!” असं ओरडत उड्या मारायला लागली. गर्दीच्या मागे मामा उभा होता. बिल्ला नसलेला, मान खाली घातलेला. तोही वाजवत होता. त्याने एकदाच टकळीकडे पाहिलं आणि “बरं केलंस” अशी मान हलवली. तिला त्याच्याकडे बघवेना.

ती डांबिससाठी टाळ्या वाजवत राहिली. तळहात लाल झाले तरी थांबली नाही.

डांबिस तिच्याजवळ आला. “एवढ्या जोरात वाजवू नकोस. माझा राग अजून गेलेला नाही.”

“माहितेय,” टकळी म्हणाली आणि वाजवतच राहिली.