दुसरी बाजू

जऊळक्याच्या स्टेशनावर इंद्रभान पार्सल सोडवायला गेला होता. मुंबईहून गाण्यांच्या तबकड्या आल्या होत्या. खोकं उचलता उचलता हमाल म्हणाला, "मालक, तुमची गाणारी धनीबाई गेली ना परवा. तापात."

ही भुताची गोष्ट मला इंद्रभानने स्वतः सांगितली, पोरांनो.

"आबा, मंग भूत बी पार्सलनंच आलं असंन!"

"ऐक गुमान."

साल एकोणीसशे अडतीस. इंद्रभान मुंबईच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओसाठी गाणारी माणसं शोधायचा. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या धनीबाईला त्यानेच नेलं, ढावलो गायला. नवरी सासरी निघाली की ती आणि बाया एकमेकींना मिठी मारून रडत गातात, ते गाणं. बाईने आधीच बजावलं होतं, "ढावलो मधात तोडू नये, भाऊ. नवरी वाटंतच राह्यते."

"नाही तोडत," तो म्हणाला. मेणाची तबकडी तीन मिनिटांत भरते, हे ठाऊक असून म्हणाला.

तबकडी भरली, लाल दिवा विझला. बाई डोळे मिटून गातच होती. स्टुडिओच्या साहेबाने थांबवायची खूण केली. इंद्रभानने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"बाकीचा दुसऱ्या बाजूले घेऊ," तो म्हणाला.

दुसऱ्या बाजूवर कुणा नकलाकाराचं हसायचं गाणं भरलं गेलं. इंद्रभानने ते भरू दिलं.

बातमी कळली ती पौषातली अमावस्या. तिच्या ढावलोची एक तबकडी काखेत धरून तो तसाच तांड्याकडे निघाला, बाईच्या लेकीला द्यायला. नाल्यापाशी अंधार पडला. मागून ढावलो आला. तोच आवाज.

आणि तुटला. त्याने तोंडावर हात ठेवला होता, तिथेच.

तो चालू लागला. पुन्हा पहिल्यापासून... पुन्हा तिथेच.

"गा, धनीबाई. मी नाही अडवत..."

काही नाही.

मग त्याच्या तळहाताला श्वास लागला. गरम. ओला.

तो पळाला.

तांड्यावर लेक गोमती कंदील घेऊन दारातच उभी होती. "मांगं कोण गाऊन राह्यलं होतं? याडीचा, माह्या मायचा आवाज होता." तिने तबकडी घेतली. "ढावलो पुरा हाय काय याच्यात? याडीनं मले अर्धाच शिकवला. फागुनात माह्यं लगन हाय."

तिने तबकडी उलटी केली, कंदिलापाशी धरली. नकलाकाराच्या गाण्याची एकही रेघ तिथे नव्हती. पाटीसारखी गुळगुळीत, काळी.

"इथं भराचा राह्यला काय?"

"हो," तो म्हणाला. "घेऊन येतो."

मुंबईला तो पुन्हा गेला नाही. फाल्गुनात गोमती अर्ध्याच ढावलोवर सासरी गेली. उरलेला त्या कोऱ्या बाजूवर कोणी भरला नाही.