दाराबाहेरच्या चपला

मोबाइल ठेवा बाजूला. हसायचं असेल त्यानं आत्ताच उठून जावं, मधे खीखी केलेली मला चालणार नाही. ही आमच्या टेलरची गोष्ट आहे. माझ्या लेंग्याचं माप ज्याला तोंडपाठ होतं, तो.

गेल्या डिसेंबरची सतरा तारीख, शनिवार. टेलर समुद्रकाठच्या त्या मौजमजेच्या गावी गेला, पोरीची ट्रंक आणायला. पोर तिथल्या हॉटेलात खोल्या साफ करायची. महिन्यापूर्वी चौथ्या मजल्यावर काचा पुसताना तोल गेला आणि संपली. दोन वर्षं बाप तिच्याशी बोलला नव्हता. शिवणकामात तिचा हात बसलेला, टाका थेट बापासारखा, आणि निघाली परक्यांच्या चादरी बदलायला. म्हणून यानं तिच्या चपला उचलून रस्त्यावर ठेवल्या होत्या, टाचा घराकडे करून, म्हणजे चालती हो. मधे एकदा ती आली, दार वाजवलं. हा मशीन चालवत बसला. उठला नाही. आता बसमध्ये मात्र एकच घोकत होता, पुन्हा वाजवलं असतं तर उघडलं असतं.

गावात पाय ठेवायला जागा नाही. दिवे, गाणी, अर्ध्या चड्डीतले आजोबा. पोर जिथे पडली त्याच फरशीवर टेबलं मांडून लोक नाचत होते.

शेवटची बस गेलेली. मॅनेजरनं ट्रंक दिली आणि रात्रीपुरती चौथ्या मजल्यावर एक खोली दिली. म्हणाला, "काका, तो मजला सध्या बंदच आहे. वर कोणी येत नाही, निवांत झोपा."

वाळूत टेलरच्या चपलेचा अंगठा तुटला होता. घरच्या सवयीनं त्यानं चपला दाराबाहेर काढल्या आणि कडी लावली.

दोन वाजून दहा मिनिटांनी खालचं गाणं थांबलं.

मग... टक टक.

"खोली साफ करायची आहे."

तिचाच आवाज. दमलेला.

टेलर उठला. दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला.



पुन्हा टक टक. हळू.

"बाबा..."

दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली. नुसती उभी. वाट बघत.

त्यानं कडी धरून ठेवली. काढली नाही.

सावली खाली बसली. बाहेर दोरा ओढल्यासारखं काहीतरी... सर्र... सर्र... बराच वेळ.

मग काही नाही.

उजाडल्यावर त्यानं दार उघडलं. चपला दारात नव्हत्या. जिन्याच्या तोंडाशी होत्या, शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या, टाचा त्याच्या खोलीकडे करून. तुटलेला अंगठा शिवला होता, चादरीच्या पांढऱ्या दोऱ्यानं.

टाका त्याचाच होता.