रविवारचा फोन

वाचनालयातल्या झेरॉक्सच्या यंत्रातून तिचा शेवटचा कागद बाहेर आला आणि शेजारच्या माणसाने तो उचलला. उचलला तर उचलला, वर वाचायलाही लागला!

"अहो, तो माझा युक्तिवाद आहे."

"हा परदेशी निकाल... उद्या तुम्ही न्यायालयात वाचणार?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नका वाचू. वरच्या न्यायालयानं तो गेल्या महिन्यात फिरवलाय."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिची थोरली वहिनी एका मालवाहतूक कंपनीत ट्रकच्या वेळा लावायची. सुट्टीच्या दिवशी, रविवारी साहेबांचा फोन उचलला नाही म्हणून तिला कामावरून काढून टाकलं होतं. उद्या अकराला सुनावणी. वकील म्हणून एकटीने लढायचा पहिलाच खटला, आणि सगळी भिस्त 'सुट्टीत फोन न उचलणं हा कामगाराचा हक्क' म्हणणाऱ्या या एका निकालावर.

"पण वाचनालयाच्या पत्रकात छापलंय की! 'देशोदेशीचे निकाल'मध्ये."

"ते मीच काढतो," तो मान खाली घालून म्हणाला. तो तिथला ग्रंथपाल होता. "अपील झालंय का, ते बघायचं राहून गेलं. पुढच्या अंकात दुरुस्ती —"

"आणि तोवर माझ्या वहिनीनं घरी बसायचं?" ती कडाडली. "वाचनालय किती वाजता बंद होतं?"

"सहाला."

"म्हणजे तीन तास आहेत. अपिलाचा निकाल काढा. पूर्ण वाचायचा, पहिल्या पानापासून."

खिडकीजवळच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसले. पंख्याने तिची पानं फडफडली, तर त्याने गुपचूप आपल्या चष्म्याचं घर त्यांच्यावर ठेवलं. तिने पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

"तुम्ही पेन्सिल चावता," तो हळूच म्हणाला.

"राग आला की चावते."

"मग... आणखी दोन आणून ठेवतो."

तिला हसायचं नव्हतं. तरी हसू आलंच!

अडतिसाव्या पानावर ती थांबली. तो कामगार हरला होता खरा, पण मुदत उलटल्यावर तक्रार केली म्हणून. सुट्टीचा दिवस कामगाराचा स्वतःचा, हे म्हणणं वरच्या न्यायालयानेही उचलून धरलं होतं. वहिनीची तक्रार तर आठवड्याच्या आत गेली होती. तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता, आणि या वेळी तिने नजर वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो निकाल फिरवला गेल्याचं तिने आधी स्वतःच सांगून टाकलं आणि मग अडतिसावं पान वाचलं.

"परदेशी निकाल आमच्यावर बंधनकारक नाही," न्यायाधीशांनी बजावलं.

"नाही, महोदय. पण माणसाला विश्रांती तर सगळीकडेच लागते."

शुक्रवारी आदेश आला. वहिनी पुन्हा कामावर! न्यायालयात शेवटच्या बाकावर ग्रंथपाल बसला होता. ती वळेपर्यंत मात्र तो निघून गेला होता.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"उचलू नकोस हं, वन्सं," वहिनी डोळे मिचकावत म्हणाली. "सुट्टी आहे!"

तिने झडप घालून उचलला.

"न उचलण्याचा हक्क आहे तुम्हाला," पलीकडून तो चाचरत म्हणाला.

"आहे ना. पण तुमचा फोन मला उचलायचाच होता. शुक्रवारपासून वाट बघतेय." तिने एक श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता. आता तुम्ही बोला."

"मी... तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभा आहे. युक्तिवादावर पत्ता आणि फोन नंबर होता. पेन्सिलींचा अख्खा डबा आणलाय..." तो थांबला. "जन्मभर पुरेल एवढा नाही, पण संपला की आणत जाईन."

एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात वहिनीची चप्पल अडकवून ती जिना उतरली.