मदिहाची मनगटी

दुपार कलल्यावर अस्रची नमाज आटोपून नूरीन लेकीची गोधडी झटकायला परसात आली. झटकली की वाळू पडायची. आजही पडली. कराडात कृष्णेची वाळू काळसर. ही पिवळी, पिठासारखी.

तिचा नवरा अजमल गवंडीकाम सोडून ओमानला जुनी गावं उकरायच्या कामावर गेला आणि त्या मुलखाच्या प्रेमातच पडला. फोनवर सारखं तेच. "हितली माती लय लाजरी हाय गं. ब्रशानं हळू झाडली, की मग दावती." एकदा त्यानं हजारो वर्षांपूर्वीचं बाळ दाखवलं. हाडंच नुसती. कुशीवर, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. बघता बघता नूरीनचाही जीव त्या उघड्याबोडक्या डोंगरांवर जडला.

हंगाम सरला की खड्डा बुजवतात. आधी कुणी खणलंय हे पुढच्यांना कळावं, म्हणून तळाला आजचं नाणं ठेवतात.

"नाणं कशाला?" नूरीनच हौसेनं म्हणाली होती. "तुमच्यासंगं दिलेली मदिहाची काळ्या मण्यांची मनगटी त्या बाळाच्या खड्ड्यात ठेवा. पोरगी तरी तुमचा मुलूख बघंल."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

'अम्मी' म्हणायला लागलेली पोर मनगटी पुरली त्या दिवसापासून मुकी झाली. निजायची ती कुशीवर, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. सासू रहिमतबी म्हणायची, "पोर हितं हाय, पन ध्यान कुठं हाय गं तिचं?"

शेवटी नूरीननं अजमलला शपथ घातली. नव्या हंगामात साहेबाच्या हातापाया पडून त्यानं आज तो खड्डा उघडला होता.

फोन वाजला.

"गावली... मनगटी गावली."

"आधी वर काढा!"

"काढली."

ती पाळण्याकडं धावली. मदिहा पाय ताणून सरळ निजली होती. नूरीनचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फोनमधून बारीक आवाज आला. "अम्मी..."

"आवं... तिथं कोन हाय?"

"कोन न्हाई. समदी तंबूत गेल्यात. का गं?"

"अम्मी..." रडवेला. मदिहाचाच.

"तुमास्नी ऐकू येत न्हाई?"

"वारं हाय गं. बरं, ठेवतो. खड्डा बुजवायचाय."

"बुजवू नका! आवं, ऐका..."

फोन कट झाला. पुन्हा लावला, तर लागेना.

पाळण्यातल्या पोरीनं डोळे उघडले. परक्या घरात जाग आल्यासारखी भिंती न्याहाळल्या, मग नूरीनला. कितीतरी महिन्यांनी हसली, आणि घे म्हणून दोन्ही हात पुढं केले.

तिच्या ओठांना पिवळी वाळू चिकटली होती.